बुधीमावशीची तिसरी हाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वाशिंदच्या बहिणीलाही नाही. एरवी आमटीत मीठ जास्त पडलं तरी मी तिला फोन करून सांगते. सहा पावसाळे झाले. दर पावसाळ्यात वाटतं, आता सांगावं. मग पाऊस संपतो, तंबू लागतात, शाळांच्या सहली येतात, आणि मी म्हणते, बघू पुढच्या वर्षी.

तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी बोलण्यात हुशार आहे. ही बढाई नाही, पुढं जे झालं ते ह्या हुशारीमुळंच झालं. शहापूरहून मुरबाडकडं येणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचा कॅम्प आहे. मालक ठाण्याला राहतात, आले तर शनिवारी येतात. बाकी सगळं मी बघते. पाहुण्यांना उतरवून घेणं, जेवण, दोऱ्या, हेल्मेटं, आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी उभं राहून सूचना देणं. त्या सूचना ऐकायला लोक चहा हातात घेऊन येऊन बसायचे. पंधरा मिनिटांत मी त्यांना चारदा हसवायचे आणि एकदा घाबरवायचे. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू?

कॅम्पचं वर्ष पावसात सुरू होतं. दिवाळीनंतर शाळेची मुलं येतात, होळीनंतर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तेव्हा आम्ही तंबूंच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला घालतो आणि दोऱ्या उन्हात टाकतो. पण पावसाळा सायकलवाल्यांचा. शनिवारी संध्याकाळी टेम्पोवर सायकली बांधून येतात. घट्ट कपडे, रंगीत गॉगल, खिशात खजूर. म्हैस दिसली की उतरून फोटो काढतात. म्हशीलाही आता सवय झाली आहे, ती मान वर करून उभी राहते. चांगली माणसं असतात हो. आठवडाभर एसीत बसून दोन दिवस चिखल अंगावर घ्यायला येतात.

रविवारची फेरी ठरलेली. कॅम्पवरून निघायचं, पाड्यावरून जायचं, उतार उतरून ओढा ओलांडायचा आणि मोठ्या रस्त्यानं परत यायचं. ओढ्यावर फरशी आहे – कठडे नसलेला, पात्राला टेकलेला सिमेंटचा बुटका पूल. ह्या फरशीचं एक वाईट आहे. इथं लख्ख ऊन असतं आणि मागं डोंगरावर धो धो पडत असतं. ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, पण पोचतं तेव्हा एकदम पोचतं. रस्त्यावरच्या माणसाला वरचा ओढा दिसतच नाही. झाडी आड येते.

बुधीमावशीला दिसायचा.

फरशीच्या अलीकडच्या वळणावर, चाळीसेक पावलं चढून गेलं की तिचं घर. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून पाड्यात वेगळे राहणारे. तिच्या अंगणातून ओढ्याचं वरचं वळण दिसतं. तिथं पाणी तांबडं झालं की ती खाली रस्त्याकडं तोंड करून हाळी द्यायची. गुराखी थांबायचे, शाळेत जाणारी पोरं थांबायची, जीपवाला थांबून बिडी पेटवायचा. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं. तिला दिसायचं, म्हणून ती सांगायची.

आणि ती तीनदा हाक मारायची. नेहमी तीनदा, प्रत्येक हाकेनंतर थोडी थांबून. पाड्यात सगळेच तसं करतात. मी नवी होते तेव्हा तिच्या पहिल्याच हाकेला "ओ" दिली होती, तर तिनं मला चांगलं फैलावर घेतलं. म्हणाली, "एका हाकेला ओ देऊ नको गो. जे मानूस नाय ते एकदाच हाक मारतं. तिसरी ऐकलीस, की समज, मानूस हाय."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. न कळून केलं असं मला म्हणता येणार नाही.

सायकलवाल्यांना ती पाणी द्यायची. तांब्या घेऊन वळणावर उभी राहायची. श्रावण-भाद्रपदात वेलावरची काकडी चिरून, मीठ लावून द्यायची. मग काय, सगळे तिच्या अंगणात. कुणी जात्यावर बसून फोटो काढतंय, कुणी तिच्या कोंबड्यांमागं पळतंय. एकची जेवणाची वेळ अडीचवर जायला लागली. भाकऱ्या वातड व्हायच्या, दुपारची दुसरी तुकडी ताटकळायची. मालकांनी एकदा सगळ्या पाहुण्यांदेखत मला विचारलं की तुम्हाला पंधरा माणसं वेळेवर आणता येत नाहीत का. मी हसून वेळ मारून नेली. रात्रभर ते वाक्य कानात राहिलं.

पण एवढंच नव्हतं. कॅम्पवर अभिप्रायाची वही असते. तिच्यात लोक काय लिहायचे सांगू? "वळणावरच्या आजींची काकडी – अविस्मरणीय." "आजींसाठी पुन्हा येणार." पानंच्या पानं. मी पहाटे चारला उठून पन्नास माणसांचे पोहे करून घेत होते, त्यांच्या फोडांना मलम लावत होते, माझ्याबद्दल एक ओळ नाही. मला तिचा हेवा वाटला. अंगणात दोन लुगडी वाळत असलेल्या बाईचा मला हेवा वाटला – झालं, सांगून टाकलं.

तर एका रविवारी सकाळी, पोहे वाटून झाल्यावर, मी सूचना देताना आवाज खाली आणला. म्हटलं, फरशीच्या अलीकडं वळण लागेल. तिथं वर एक घर आहे. ती म्हातारी ह्याच फरशीवर वाहून गेली. भर दुपारी वळणावर येते. तुम्हाला दिसेलसुद्धा, अगदी खरी वाटेल, हातात तांब्या असेल. पहिली हाक मारेल, काही नाही. दुसरी मारेल, तरी काही नाही. पण तिसरी हाक कानावर आली की पाय टेकायचा नाही, मागं बघायचं नाही. मान खाली घालायची आणि फरशी पार होईपर्यंत पायडल मारायचं. तिसऱ्या हाकेला जो थांबला तो तिथलाच झाला.

मी तिचा नियम उचलला आणि उलटा केला. माणूस ओळखायची जी खूण, ती भुताची करून टाकली.

सगळे खूश. एकीनं अंगावर आलेला काटा मला दाखवला. आणि त्या दिवशी जेवायला पंधराच्या पंधरा माणसं एकला हजर! मी भाकऱ्या गरम वाढल्या. मग दर रविवारी तेच सांगायला लागले. दर वेळी थोडी भर घालून.

मंगळवारच्या बाजारात मावशी भेटली. म्हणाली, तुझे सायकलवाले आता थांबत नाय, माझ्याकडं बघून आरडत पळतात, काय चुकलं का माझं? मी म्हटलं, घाई असते गं त्यांना. तिनं मान हलवली. पिशवीतून दोन काकड्या काढून दिल्या – माझ्या पोरांसाठी.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला अजून उलगडत नाही. सायकलवाले परत येऊन सांगायला लागले. एकानं सांगितलं, तिला पाय नव्हते. एक बाई म्हणाली, तिनं माझ्या नावानं हाक मारली. शिकलेली, मोठ्या नोकरीतली माणसं, चेहरे पांढरे पडलेले. एक जण तर दुपारी जेवलाच नाही, नुसता ताटाकडं बघत बसला. मला ठाऊक होतं की वर अंगणात एक साठीची बाई कोंबड्यांना दाणे टाकते आहे. आणि तरी त्यांचं ऐकताना माझे हात गार पडायचे. मीच रचलेलं, आणि ह्यांना ते दिसतंय? एकदा मी स्वतः दुपारची तिकडून जात होते. ती वळणावर उभी होती. क्षणभर – खरं सांगते – मी आधी तिच्या पायांकडं बघितलं.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं ना? मी थांबले नाही. सूचनांना आता पलीकडच्या कॅम्पवरचे लोकही येऊन बसत होते.

अविनाश श्रावणातल्या शेवटच्या रविवारी आले. कल्याणला गणित शिकवायचे. चाळिशी उलटलेले, सायकल नवी, हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासणारे. माझ्या सूचना ते एका छोट्या डायरीत लिहून घेत होते, ते बघून बाकीचे हसत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी हात वर केला. विचारलं, तिसऱ्याच हाकेला का? पहिल्या हाकेला धोका का नाही? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, सर, तिचंही काही गणित असेल. हशा झाला. तेही हसले. आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मी बघितलं लिहिताना.

ऊन पडलं होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा एवढं ऊन. एक वाजता जेवायला चौदा माणसं होती.

त्यांच्यापुढं असलेल्या दोन मुलींनी मला नंतर सगळं सांगितलं, भांड्यांच्या खोलीत, दार लावून. त्या दोघींनी फरशी ओलांडली तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडं जाऊन त्या वळल्या आणि फोटो काढायला लागल्या. अविनाश सर मागून उतारावरून येत होते. वरून हाक आली. त्यांनी वेग कमी केला. दुसरी आली, तेव्हा त्यांनी एक पाय खाली टेकला आणि मागं वळून बघितलं. मावशी पायऱ्या उतरून पळत येत होती, हातात काही नव्हतं, दोन्ही हात वर केलेले. ह्या दोघी पलीकडून हसत ओरडल्या, बघू नका सर, पळा, पळा! आणि तिसरी हाक आली. मुली म्हणाल्या, त्यांचं अंग ताठ झालं. ते पायडलवर उभे राहिले, मान खाली घातली आणि सरळ फरशीवर आले. ते मध्यावर असताना झाडीतून तांबडं पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाली करंजाच्या मुळ्यांत सापडले. हेल्मेटचा पट्टा लावलेलाच होता.

भांड्यांच्या खोलीत त्या मुली रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. आणि बोलत होते. मी म्हणाले, हे गोष्टीचं कुठं काढू नका. तुम्ही पळा म्हणालात, ते उगाच तुमच्यावर येईल. पाणी एकदम वाढलं, एवढंच सांगा. किती माया होती माझ्या आवाजात! त्यांना वाटलं मी त्यांना वाचवतेय. त्यांनी तसंच सांगितलं. पोलिसांना मीही तेच सांगितलं – पाणी असेल तर फरशी ओलांडू नका, ही सूचना आम्ही दर वेळी देतो. देत होतोच की. सरांच्या बायकोनं मला विचारलं, ते एवढे सांभाळून वागणारे, पाण्यात गेलेच कसे? मी म्हटलं, पाण्याचा अंदाज येत नाही ताई. त्यांनी माझे हात हातात घेतले. त्यांच्या वस्तू परत देताना डायरी मी दिली नाही. चुलीत घातली. हे सांगायचं मघाशी टाळणार होते.

पण पाड्यातल्या पोरांनी बघितलं होतं. बुधीनं हाक मारली आणि तो माणूस पाण्यात गेला. तिच्याकडं वळून बघितलं आणि गेला. घराघरांत तेवढंच पोचलं. आठवड्यानं पाड्यातली दोन जाणती माणसं कॅम्पवर आली. चांगली माणसं, विचारपूस करून मगच काय ते ठरवणारी. ती म्हणाली, ताई, तुमचा मानूस आमच्या बाईला बघून पळाला कशाला, तुमाला काय ठाव हाय का? माझं एक वाक्य पुरलं असतं. एकच. मी म्हटलं, काय माहीत. शहरातली माणसं, घाबरला असेल.

कशाला घाबरला असेल, ह्याचं उत्तर मग त्यांनी त्यांचं शोधलं.

पंधरा दिवसांनी मावशी स्वतः आली. चालत, भर दुपारी. मी शेडमध्ये दोऱ्या गुंडाळत होते. बस म्हटलं तरी बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली. तिचा मुलगा नातवंडांना तिच्याकडं पाठवेनासा झाला होता. पाण्यावर बायका तिच्या आधी हंडे भरून घ्यायच्या, मग लांब उभ्या राहायच्या. पण त्याबद्दल ती बोलायला आली नव्हती. तिनं विचारलं,

"गो बाय, मी तिनदा हाक मारली. मानूस तिनदाच मारतो ना?"

मी हो म्हटलं.

"मग तो पळाला कशाला?" ती खांब सोडून एक पाऊल जवळ आली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मी मेली तर नाय ना गो? असं होतं म्हनतात. आपलं आपल्याला कळत नाय. तू शिकलेली हायेस, तू बघ माझ्याकडं नीट."

आणि ती उन्हात जाऊन उभी राहिली, मला तिची सावली दिसावी म्हणून.

तेव्हा मी सांगू शकत होते. दुसरं कुणी नव्हतं तिथं. ती मला मारणार नव्हती, बहुतेक ती रडलीसुद्धा नसती. मी उठले, तिचा हात धरला, म्हटलं, वेडी आहेस का, गरम आहे की हात. चहा करून दिला. तिनं बशीत ओतून प्यायला. जाताना म्हणाली, बरं वाटलं. मी दोऱ्या गुंडाळायला बसले. गाठ काही केल्या बसेना.

पुढच्या पावसाळ्यापासून मी गोष्ट सांगायची बंद केली. पण ती आता माझी राहिलीच नव्हती. सायकलवाले ती ऐकूनच येतात. त्यात आता अविनाश सरही आहेत, ते दुपारी फरशीवर सायकल धरून उभे असतात म्हणे. नाश्त्याच्या वेळी जुने पाहुणे नव्यांना सांगतात आणि माझ्याकडं बघतात – खरं ना ताई? मी चहाची किटली घेऊन पुढं जाते.

यंदा भाद्रपदात मी ठरवून निघाले. रविवार टाळला. मोठ्या रस्त्यानं गेले, म्हणजे फरशी ओलांडूनच तिच्याकडं यावं लागलं. ऊन होतं. फरशीवर पाणी नव्हतं. मी मध्यावर आले आणि वर बघितलं, ती अंगणाच्या कडेला बसलेली. माझ्याकडंच बघत होती. मग मला पायाखाली तो आवाज जाणवला, आणि गढूळ पाणी चपलेवरून गेलं. मी पळाले. काठावर पोचले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. वर बघितलं तर ती उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेले.

पायऱ्या चढून गेले. तिनं तोंडावरचे हात काढले. म्हणाली, दिसलं होतं गो पानी, पन मी आता हाक नाय मारत. माझ्या हाकेनं मानूस मरतो. तू मेली असतीस.

मी अंगणात बसले. तिथं आता कुणी बसत नाही, ते सारवणावरून कळत होतं, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मनात वाक्य तयार होतं. कॅम्पवरून निघताना तीन-चारदा म्हणून बघितलेलं. ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. मी घेतला, प्यायले. ती समोर बसून मला पिताना बघत होती. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्या हातचं पानी सगळ्या मुलखात तू एकलीच पितेस," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो."

मी तांब्या खाली ठेवला. पाणी ओसरेपर्यंत बसले. तिच्या कोंबड्यांबद्दल बोललो आम्ही, आणि मग मी घरी आले.